चार मोबाईलचा खुराक

कुपवाडच्या शंभूराज खोताला लोक ‘मोबाईलचा वस्ताद’ म्हणत, आणि ते काही कौतुकानं म्हणत नसत. सहा फूट उंची, कुस्तीत चुरगाळून गोळा झालेले कान, दाराच्या चौकटीत मावणार नाहीत असे खांदे. असा हा गडी चार पोरांच्या पाठीमागं उभा राहून त्यांच्या हातातल्या मोबाईलकडे बघत “दम खा रं, दम खा, येऊ दे त्याला अंगावर” असं ओरडायचा, तेव्हा गल्लीतल्या बायासुद्धा पदर तोंडाला लावून हसायच्या. शंभूराजला त्याचं काही वाटत नसे. कुणी चेष्टेनं का होईना वस्ताद म्हटलं की त्याचं पोट भरायचं.

कारण खरा वस्ताद व्हायचं त्याच्या नशिबात नव्हतं. पोरवयात तो सांगलीला दादासो वस्तादांच्या तालमीत होता. अंगात ताकद होती, मेहनत होती, पण वरच्या नंबरच्या कुस्तीला जे लागतं ते नव्हतं. जत्रेत त्याची कुस्ती दुपारच्या उन्हात लागायची, मैदान भरायच्या आधी. पंचविशी उलटल्यावर त्यानं स्वतःच ओळखलं, लंगोट खुंटीला टांगला आणि कुपवाडच्या एमआयडीसीत पंपाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात चिकटला. चार-पाच वर्षांनी तिथं कायम झाला. कुपवाडमध्ये कायम कामगार म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचं नाही. बाकीचे ठेकेदाराचे, आज आहेत, उद्या नाहीत. कायम माणसाला फंड, रजा, दिवाळीचा बोनस आणि मुख्य म्हणजे बायको मिळते. क्रांतीच्या वडिलांनी जावयाचे चुरगाळलेले कान बघून न बघितल्यासारखं केलं ते त्या एका शब्दासाठी.

मग करोना आला. सगळं बंद झालं, तालमीही बंद झाल्या. शंभूराजच्या गल्लीत एक जुनी तालीम होती, तिची किल्ली त्याच्याकडे असे. रोज सकाळी तो तिथल्या मारुतीला तेल घालून यायचा. एक दिवस बघतो तर ओट्यावर पोरं मोबाईल घेऊन बसलेली. मारुतीच्या दारात असला उद्योग बघून त्याचं टाळकं सरकलं. कोपऱ्यातली काठी उचलून तो त्यांच्या अंगावर गेला. तीन पोरं पळाली. चौथं पळालं नाही. त्याला कुणी आलंय हेच ठाऊक नव्हतं.

तो वीरधवल. शिराळ्याकडच्या एका खेड्यातला, मावशीकडे राहायला आलेला, अठरा वर्षांचा, काडीसारखा. शंभूराजनं काठी उगारली ती तशीच राहिली, कारण त्याचं लक्ष स्क्रीनवर गेलं. खेळ बंदुकांचा होता. शंभरेक माणसं एका बेटावर उतरतात, चार-चार जणांची टोळी करून एकमेकांना उडवतात, शेवटी जी टोळी उरेल ती जिंकली. बाकीची पोरं पळत सुटून गोळ्या झाडत होती. हे पोरगं गवतात पडून होतं. समोर दोघं होते, नेम लागला असता, तरी थांबलं होतं. त्यातला एक जण जरासा वळला, त्याची पाठ झाली, आणि मग पोरानं दोघांनाही लोळवलं. शंभूराजच्या अंगावर काटा आला. समोरच्याचा तोल कधी जातो हे बघत थांबायचं, ही एकच गोष्ट दादासो वस्ताद त्याला दहा वर्षं शिकवत होते आणि ती त्याला आली नव्हती. त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि पोराशेजारी बसला.

“परत खेळ बगू,” म्हणाला.

तिथून हे वेड लागलं. वीरधवलसोबत मिरजेचा दानिश आला, वाईहून सांगलीला कॉलेजला आलेला दिग्विजय आला, गल्लीतला बाळासो होताच. झाली चौघांची टोळी. शंभूराजनं एकदा स्वतः खेळून पाहिलं. त्याचा अंगठा टेकला की निम्मं बेट झाकलं जायचं, आणि पहिल्याच डावात त्यानं आपल्याच बाळासोला गोळी घातली. पुन्हा त्यानं मोबाईल हातात धरला नाही. पण बघायला त्याचा डोळा होता. कोण घाई करतो, कोण घाबरून चिकटतो, कुणाचा दम शेवटच्या डावात सुटतो, हे तो बरोबर सांगायचा. पोरं त्याला आधी काका म्हणायची, मग आप्पा म्हणायला लागली.

आता पैलवानाला जसा खुराक लागतो, तसा ह्या खेळालाही लागतो, हे शंभूराजला लवकरच कळलं. फरक एवढाच की दूध-बदाम पैलवानाच्या पोटात जातात आणि इथं सगळा खुराक मोबाईल खातो. खेळ दर काही महिन्यांनी नवा होतो, जड होतो. गेल्या वर्षी लोण्यासारखा चालणारा फोन यंदा तापतो, चित्र अडखळतं, आणि त्या अडखळण्यात पोरगं मरतं. म्हणजे पोराचा हात तोच, डोळा तोच, तरी ते हरतं. मग नवा फोन. मग फोनला गार ठेवायला मागं चिकटवायचा पंखा. शंभूराजच्या माडीवर माणसांना पंखा नव्हता, फोनला होता. लाईट गेली तर इन्व्हर्टर. गल्लीत कुणी चर खणला की नेट तुटतं, म्हणून दोन कंपन्यांची दोन नेटं. बक्षिसाचा आकडा जाहिरातीत असा झळकतो की बघणाऱ्याला वाटतं, पोरं झोपेत श्रीमंत होतात. चौघांत वाटा झाला, फोनचा हप्ता गेला की हातात राहतो तो जिंकल्याचा फोटो. तोही पुढच्या महिन्यात शिळा.

हा सगळा खुराक शंभूराजनं घातला. वीरधवल तर घरीच राहायला आला. मावशीनं हात टेकले होते, गावाकडचा बाप ‘नोकरी बघ, न्हाईतर तोंड दाखवू नगं’ म्हणत होता. शंभूराजनं त्याला माडीवरची खोली दिली. क्रांती रोज त्याच्यासाठी भाकऱ्या थापायची, त्याचे कपडे धुवायची, त्याला ताप आला तर उशाशी बसायची. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि ते कुणी बोलून दाखवत नसलं तरी ह्या पोरानं त्या घरातला एक कोपरा भरला होता.

पहिलं बक्षीस मिळालं ते साताऱ्याच्या एका स्पर्धेत. फार नव्हतं. पोरं पाकीट घेऊन आली आणि वीरधवलनं ते शंभूराजच्या पायाशी ठेवलं. हे त्याला दानिशनं शिकवलं होतं. दानिशचा आजा पैलवान, त्यामुळं तालमीची रीत त्याला ठाऊक. पैलवान इनाम जिंकला की वस्तादाच्या पायाशी ठेवतो. वस्ताद त्याला नुसता हात लावतो आणि सगळं परत देतो. दादासो वस्तादांनी आयुष्यभर असंच केलं. घरात चुलीला लाकडं नसायची, पण इनामातली दमडी त्यांनी ठेवून घेतली नाही. शंभूराजनं पाकिटाला हात लावला, डोळ्यांत पाणी आणलं आणि पाकीट परत दिलं.

क्रांतीनं आतून सगळं बघितलं होतं. पोरं गेल्यावर ती बाहेर आली.

“आवं, निम्मं तरी ठेवायचं. नेटचं बिल काय मारुती भरनार हाय?”

“वस्ताद इनाम ठिवून घेत न्हाई क्रांती.”

“मग वस्तादाच्या बायकूनं काय खायाचं ते बी लिवून ठिवलंय का तुमच्या तालमीत?”

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. पण शंभूराज त्या दिवशी इतका खूश होता की बायकोचं बोलणंही त्याला गोड लागलं.

चूक झाली ती पुढं. मोठ्या स्पर्धांत टोळीची नोंद करावी लागते. नोंदणीत मालक कोण हे विचारतात. ज्याचं नाव तिथं, त्याची टोळी, त्याचंच बक्षीस, त्याच्याच सहीनं सगळं. दानिश नोंदणी करायला बसला होता. म्हणाला, “आप्पा, मालक म्हनून तुमचं नाव टाकतो.”

“माजं कशाला रं?” शंभूराज म्हणाला. “गदेवर पैलवानाचं नाव असतंय. वस्तादाचं कवा बगितलंस का? वीरधवलचं टाक.”

“पर आप्पा...”

“टाक म्हंतो न्हवं.”

शहरातल्या कुठल्याही माणसानं स्वतःचं नाव टाकलं असतं. चार कागद करून घेतले असते, वकिलाला दाखवले असते. शंभूराजला ते सुचलं नाही, आणि सुचवलं असतं तर त्याला राग आला असता. आपल्या पैलवानाकडून लिहून घेणारा वस्ताद त्यानं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

गेल्या वर्षी पावसाळा सरताना पोरं एका देशभरच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीपर्यंत पोचली. ती फेरी पुण्यात होणार होती. तिथं जो जिंकेल त्याला बक्षीस होतंच, शिवाय मोठ्या लीगमध्ये वर्षभराची जागा होती. लीगमध्ये खेळाडूंना पगार असतो, आणि शिकवणाऱ्यालाही असतो. शंभूराजनं हे क्रांतीला दोनदा समजावून सांगितलं. इतकी वर्षं घातलेलं आता परत येणार. वस्ताद म्हणून पगार. चेष्टेनं नव्हे, खरोखरचा.

अडचण एकच होती. चौघांचे फोन जुने झाले होते. शेवटच्या डावात चित्र अडखळायचं. नवे चार घ्यायचे म्हणजे लहानसहान रक्कम नव्हे. शंभूराजनं फंडातून मिळण्यासारखी उचल आधीच घेऊन संपवली होती. उरलेला फंड हातात यायचा तर नोकरी सोडावी लागणार होती.

हे त्यानं जेवताना सांगितलं. क्रांती वाढत होती, तिचा हात थांबला. वीरधवल समोर बसला होता. त्यानं मान वर केली नाही. भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला तो तसाच धरून बसला.

“राजीनामा देतो,” शंभूराज म्हणाला. “फंड आला की फोन घेऊ. तवर ठेकेदाराकडनं त्याच कारखान्यात लागतो. लीग मिळाली की ते बी सोडायचंच हाय.”

वीरधवल ताटावरून उठला, हात धुऊन वर गेला. शंभूराज बायकोला म्हणाला, “बगितलंस? पोराला गलबलून आलं.”

कारखान्यातला साहेब म्हणाला, “खोत, डोकं फिरलंय का? कायम नोकरी आहे!” शंभूराजनं हसत हसत राजीनामा दिला. थोड्या दिवसांनी त्याच फाटकातून ठेकेदाराचा माणूस म्हणून आत गेला. मशीन तेच, काम तेच, टोपी तेवढी पिवळी मिळाली, आणि पगार निम्मा. काल-परवापर्यंत त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं आता त्याला काम सांगायला लागली. घरी मात्र माडीवर चार नवे फोन चमकत होते. शंभूराज रोज पाळी सुटल्यावर पोरांमागं उभा राहायचा, आणि चित्र कुठं अडखळत नाही हे बघून त्याचा दिवसाचा शीण जायचा.

पुण्याला तो एसटीनं गेला. पोरं आधीच गेली होती. पिशवीत त्यानं चार फेटे नेले होते, स्वतःच्या हातानं बांधायला. भलामोठा हॉल, रंगीत दिवे, कानठळ्या बसवणारा आवाज. खेळाडूंकडे जायला निघाला तर दारावरच्या माणसानं यादी बघितली. “तुमचं नाव नाहीये काका.” शंभूराज मागं जाऊन प्रेक्षकांत बसला.

पोरं जिंकली. काय जिंकली! शेवटच्या डावात तिघं पडले, एकटा वीरधवल उरला आणि समोर दोघं. सगळा हॉल ‘मार मार’ ओरडत होता, आणि शंभूराज एकटाच पुटपुटत होता, “दम खा, दम खा.” वीरधवलनं दम खाल्ला. समोरचा एक जण जरासा वळला. संपलं. शंभूराज उभा राहून ढसाढसा रडला. शेजारच्या अनोळखी पोरांनी त्याला मिठ्या मारल्या.

मग चौघं मंचावर आले. अंगात काळे टी-शर्ट, त्यावर पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं नाव. शंभूराजनं ते टी-शर्ट कधी पाहिले नव्हते. सूत्रसंचालकानं वीरधवलला विचारलं, हे यश कुणाचं? वीरधवलनं त्या कंपनीचं नाव घेतलं. त्यांनी विश्वास टाकला, आम्हाला सगळं दिलं, यापुढं आम्ही त्यांच्याच नावानं लीग खेळणार, असं म्हणाला. शुद्ध भाषेत म्हणाला. टाळ्या झाल्या. कंपनीचा माणूस मंचावर आला, त्यानं चौघांच्या खांद्यांवर हात टाकून फोटो काढून घेतला.

शंभूराजला वाटलं, बोलायच्या गडबडीत आपलं नाव राहिलं असेल. तो बाहेर दाराशी उभा राहिला. बऱ्याच वेळानं वीरधवलचा फोन आला.

“आप्पा, तुमी पुढं व्हा. आमाला इथं कंपनीचं जेवान हाय.”

“बरं बरं,” शंभूराज म्हणाला. “पोटभर जेवा.” आणि चार फेटे घेऊन सांगलीच्या गाडीत बसला.

पुढं पोरांचा पत्ता नाही. फोन केला तर ‘कामात आहे’. शंभूराज क्रांतीला सांगत राहिला की लीगची तयारी चालली असेल, आपल्याला बोलावणं येईल. क्रांतीनं एकदाही ‘मी म्हटलं नव्हतं का?’ असं म्हटलं नाही. तेच त्याला जास्त लागलं.

एका दुपारी पाळी सुटताना कारखान्याच्या फाटकाशी दानिश उभा होता. पिवळी टोपी घातलेल्या शंभूराजला बघून त्याचा चेहरा पडला. दोघं चहाच्या गाड्यावर बसले. दानिशनं चहाला तोंड लावलं नाही.

“आप्पा, कंपनीला टोळी इकली वीरधवलनं. कोच त्यांचाच हाय.”

“इकली म्हंजी? कवा?”

“गणपतीच्या आदी सह्या झाल्या. तवाच आमाला आगाऊ पैसं दिलं. आनि फोन बी.”

शंभूराजला आधी नीट कळलंच नाही. गणपती. म्हणजे त्यानं राजीनामा दिला त्याच्या कितीतरी आधी.

“फोन बी?” त्यानं विचारलं.

“चार. पुन्यात त्याच्यावरच खेळलो. तुमचं फोन निस्तं तुमच्या म्होरं वापरायचो.” दानिशला रडू आवरेना. “वीरधवल म्हनला, कुनी बोलायचं न्हाई. मी बी गप बसलो, आप्पा. मला पगाराची आशा लागली.”

शंभूराजनं दोन्ही चहाचे पैसे दिले आणि चालत घरी आला.

त्याच आठवड्यात वीरधवल आला. भेटायला नव्हे, माडीवरचं सामान न्यायला. गल्लीच्या तोंडाशी कंपनीची गाडी उभी होती. शंभूराज सोप्यात खाटेवर बसला होता, क्रांती उंबऱ्यात. वीरधवल बॅग घेऊन जिना उतरला आणि दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला.

“मी राजीनामा देतो म्हनलो, तवा तुला ठावं व्हतं,” शंभूराज म्हणाला.

वीरधवलनं मान डोलावली.

“आरं मग नुसतं फोन नगं म्हनायचं. येवडंच. बाकी काय बी सांगू नगं. फोन नगं म्हनला असतास तर मी कशाला नोकरी सोडली असती?”

“नगं म्हनलो असतो तर तुमी इचारलं असतं, का नगं? मग सगळं कळलं असतं तुमाला.” वीरधवलचा आवाज बारीक झाला. “आनि कळलं असतं तर तुमी जाऊ दिलं नसतं.”

आता मात्र शंभूराज हादरला. केसानं गळा कापला ते त्यानं ह्या दोन-चार दिवसांत पचवत आणलं होतं. पण इतकी वर्षं ज्या पोरानं त्याच्या ताटाशेजारी ताट मांडलं, त्याला हेही कळलं नव्हतं?

“मी जाऊ दिलं नसतं?” तो म्हणाला. “आरं, दादासो वस्तादांनी किती पैलवान दुसऱ्या तालमीत धाडलं! म्होरल्या तालमीत खुराक चांगला मिळतोय म्हनला की नारळ, फेटा देऊन, सोता एष्टीत बसवून यायचं. तू इचारलं असतंस तर मी तुला पुन्यात सोडाय आलो असतो. नोकरी बी राहिली असती माजी, आनि तू बी माजाच राहिला असतास.”

वीरधवलनं बॅग दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, “फोनचं पैसं देतो मी, आप्पा. चारी फोनचं.”

“फोनचं दिशील. माजी कायम नोकरी कुठनं आनून दिशील?”

बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न दिला. क्रांती उंबऱ्यातून बाजूला सरली. ती म्हणाली, “जा बाबा, लोकं खोळंबल्यात तुजी.”

वीरधवलनं बॅग खाली ठेवली आणि नमस्कारासाठी वाकला. प्रत्येक स्पर्धेला जाताना वाकायचा तसाच. त्याचे हात पोचायच्या आत शंभूराजनं दोन्ही पाय उचलून खाटेवर घेतले आणि लुंगीत झाकून बसला. कुठल्याही वस्तादानं कुठल्याही पैलवानापासून पाय मागं घेतल्याचं दादासो वस्तादांच्या तालमीत कुणी ऐकलं नव्हतं. वीरधवल वाकलेलाच राहिला, आणि शंभूराजनं त्याला ‘ऊठ’ म्हटलं नाही.